श्रोते येतात, पण थांबतात का?

वाचकांचे प्रश्न

स्वतंत्रपणे पॉडकास्ट आणि ध्वनिचित्रफिती करणाऱ्या वाचकांची या वेळी आलेली पत्रे विषयाने वेगवेगळी असली, तरी जवळजवळ प्रत्येकात एकच चिंता होती : काम मनापासून चालले आहे, ऐकणारे मात्र वाढत नाहीत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : रोजच्या वापरातील यंत्रांचा इतिहास सांगणारा पॉडकास्ट मी एकटीच चालवते. दर पंधरा दिवसांनी एक भाग, असा क्रम वर्षाहून अधिक काळ चालू आहे; परंतु प्रत्येक भागाची डाउनलोड ४०-४५च्या पुढे सरकत नाहीत. ओळखीच्यांचे म्हणणे असे की, माझी प्रसिद्धी कमी पडते. तेवढेच कारण असेल का?

उत्तर : प्रथम त्या आकड्याविषयी. तो तुम्हाला वाटतो तितका केविलवाणा नाही. बझस्प्राउट ही होस्टिंग सेवा (पॉडकास्टच्या फायली ठेवून त्या ॲपपर्यंत पोहोचवणारी सेवा) आपल्याकडील पॉडकास्टची एकत्रित आकडेवारी जाहीर करत असते. तिच्यात प्रकाशनानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत सुमारे ३० डाउनलोड मिळवणारा भाग मधल्या रेषेवर येतो, म्हणजे निम्म्या पॉडकास्टना तेवढीही मिळत नाहीत. तुमचा आकडा पहिल्या आठवड्याचा आहे की आजवरचा, हे पत्रातून कळत नाही. तुलना करताना तो फरक ध्यानात घ्यावा.

दुसरे असे की, डाउनलोड आणि श्रोता यांचा हिशेब एक नसतो. मोजणीसाठी बहुतेक होस्टिंग सेवा आयएबी टेक लॅब या संस्थेने ठरवलेले संकेत पाळतात. त्यांनुसार ध्वनिफितीचा निदान ६० सेकंदांइतका अंश उतरवला गेला की एक डाउनलोड धरले जाते, आणि एकाच इंटरनेट पत्त्यावरून, एकाच ॲपमधून २४ तासांत तीच मागणी पुन्हा आली तर ती मोजली जात नाही. उतरवलेला भाग पुढे कोणी ऐकला का, हे या मोजणीला कळायला मार्ग नाही. ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्ये आयओएस १७ ही आयफोनची नवी प्रणाली आणली, तेव्हा बरेच दिवस न ऐकलेला पॉडकास्ट पुन्हा सुरू केला की त्याचे राहिलेले सगळे भाग एकदम उतरवून घेण्याची ॲपलच्या पॉडकास्ट ॲपची जुनी पद्धत बंद झाली आणि अनेक नावाजलेल्या पॉडकास्टचे आकडे पाहता पाहता खाली आले. त्यांचे श्रोते त्यांना सोडून गेले नव्हते. न ऐकता फोनवर साठणाऱ्या फायली कमी झाल्या होत्या.

म्हणून प्रसिद्धीचा विचार करण्यापूर्वी वेगळा आकडा पाहावा. ॲपल आणि स्पॉटिफाय या दोघांच्याही निर्मात्यांसाठीच्या विभागात, सुरू केलेला भाग लोकांनी कुठपर्यंत ऐकला याचा आलेख मिळतो. श्रोते थोडे असताना एका भागाच्या टक्केवारीवर विसंबू नये, कारण दोन माणसे कमी-जास्त झाली तरी आलेख हेलकावे खातो. गेल्या आठ-दहा भागांचे आलेख शेजारी ठेवून पाहावेत. सुरुवातीला थोडी घट आणि नंतर जवळपास सपाट रेषा, असे चित्र असेल तर कार्यक्रम चांगला आहे आणि तो पुरेशा लोकांपर्यंत पोहोचलेला नाही, असे खुशाल म्हणावे. पण पहिल्या तीन मिनिटांतच प्रत्येक १०० पैकी ३०-४० माणसे निघून जात असतील, तर दुप्पट प्रसिद्धी केल्याने निघून जाणारे दुप्पट होतील, एवढेच. शिवाय एकदा ऐकून कंटाळलेला माणूस त्याच नावाच्या पॉडकास्टकडे सहसा पुन्हा वळत नाही, त्यामुळे अवेळी केलेली प्रसिद्धी निरुपयोगी तर ठरतेच, पण पुढच्या संधीही खाऊन टाकते.

पहिल्या मिनिटांत घट होण्याची कारणे बहुधा साधी असतात. अर्ध्या मिनिटाचे शीर्षकसंगीत, मग नमस्कार, मग स्वतःचा परिचय, मागचा भाग उशिरा आल्याबद्दलची दिलगिरी, मग फॉलो करण्याची विनंती, आणि इतके झाल्यावर विषय. शिवणयंत्राची सुई टोकाशीच छिद्र असलेली का असते, हे सांगणारा भाग असेल तर पहिले वाक्य त्या सुईविषयीच असावे. संगीत आणि नाव त्यानंतर दहा सेकंदांत उरकता येते. घट मधेच एका ठिकाणी होत असेल, तर ते मिनिट स्वतः ऐकावे. तिथे बहुधा विषयांतर सापडते, किंवा जे आधी सांगून झाले आहे तेच नव्या शब्दांत पुन्हा आलेले असते.

आलेख ठीक निघाला तर शीर्षकांकडे वळावे. ‘भाग २३ : थोड्या गप्पा’ हे शीर्षक तुमच्या जुन्या श्रोत्याला चालते, नव्या माणसाला ते काहीच सांगत नाही. ॲपलच्या ॲपमधील शोध प्रामुख्याने पॉडकास्टचे नाव, भागाचे शीर्षक आणि निर्मात्याचे नाव यांवर चालतो, त्यामुळे विषयाचा शब्द वर्णनात खाली दडवून ठेवण्यात अर्थ नाही. तो शीर्षकात, तोही आरंभी, यायला हवा. जुन्या भागांची शीर्षके बदलायलाही काही आडकाठी नसते.

आणखी एक चाचणी सुचवतो. नियमित ऐकणाऱ्या पाच जणांना विचारावे की, हा पॉडकास्ट एखाद्या मित्राला सुचवायचा झाल्यास त्याला काय सांगाल. पाचही उत्तरे एकाच दिशेची असतील तर तेच वाक्य वर्णनाच्या पहिल्या ओळीत घालावे, कारण कार्यक्रम तोंडोतोंडी पसरतो तो त्याच वाक्यावर. पाच उत्तरे पाच तऱ्हांची आली, तर कार्यक्रम कोणासाठी आहे हे बहुधा तुमचेच ठरलेले नाही. या पाच जणांत नातेवाइकांना धरू नये. ते प्रेमापोटी ऐकतात.

प्रश्न : आमच्या मुलाखतींतील अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या उभ्या चित्रफितींना हजारो व्ह्यूज मिळतात, पण पूर्ण मुलाखत ऐकणारे शंभरही नसतात. आता सगळे लक्ष यूट्यूबवरच द्यावे, असा आमच्या दोघांत विचार चालू आहे. आपले मत काय?

उत्तर : त्या हजारोंचा अर्थ आधी तपासावा. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर शॉर्ट, म्हणजे छोटी उभी चित्रफीत, सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू मोजला जातो. त्यासाठी किमान किती वेळ पाहावे, अशी अट राहिलेली नाही. पूर्वीच्या निकषाचा आकडा आता वेगळा दाखवला जातो, आणि जाहिरातींच्या उत्पन्नात निर्मात्याला वाटा देणाऱ्या यूट्यूबच्या भागीदारी कार्यक्रमाची पात्रता व उत्पन्न हे त्याच आकड्यावर ठरते. तुमचे हजारो हे पहिल्या प्रकारचे असतील, तर त्यांपैकी पुष्कळांनी अंगठा वर सरकवता सरकवता तुमचा चेहरा ओझरता पाहिला, इतकेच म्हणता येईल.

दुसरा मुद्दा मनःस्थितीचा. छोट्या चित्रफिती पाहत बसलेला माणूस पुढची चित्रफीत पाहायला बसलेला असतो. तिथून त्याला बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये न्यायचे, तिथे कार्यक्रमाचे नाव टाइप करायला लावायचे आणि मग तासभर ऐकायला लावायचे, ही अपेक्षाच मोठी आहे. त्यातल्या त्यात यूट्यूबवर हे अंतर कमी करता येते, कारण शॉर्टला आपल्याच चॅनेलवरील संबंधित लांब चित्रफितीचा दुवा जोडण्याची सोय तिथे आहे. ती तुम्ही वापरत नसाल तर आजच सुरू करावी. निवडीचाही भाग आहे. ज्या तुकड्यात पाहुण्याचे उत्तर पूर्ण येते, तो पाहून माणूस तृप्त होतो आणि पुढे जातो. ज्यात प्रश्न उभा राहतो आणि उत्तराची दिशा तेवढी दिसते, तो पाहून थोडे तरी पूर्ण मुलाखतीकडे वळतात. अर्थात उत्तर मुद्दाम तोडून उत्सुकता ताणण्याचा प्रकार लोकांच्या चटकन लक्षात येतो आणि त्यांना तो आवडत नाही, म्हणून तुकडा स्वतंत्रपणेही अर्थपूर्ण असावा.

सगळे लक्ष यूट्यूबवर द्यावे का, याचे उत्तर तुमच्या सवडीवर अवलंबून आहे. पॉडकास्टच्या ॲपमध्ये श्रोता बहुधा नाव माहीत असलेल्या कार्यक्रमाकडे जातो. यूट्यूब अनोळखी चित्रफीत समोर आणून ठेवते, आणि नवा प्रेक्षक मिळण्याच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. पण समोर आणलेली चित्रफीत उघडली जाते का आणि उघडल्यावर पाहिली जाते का, या दोन गोष्टींवरच ती पुढे किती जणांना दाखवायची हे ठरते. थंबनेल, म्हणजे चित्रफितीचे छोटे मुखचित्र, पाहून ती उघडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्या चॅनेलच्या बाबतीत २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते, असे खुद्द यूट्यूबच सांगते. तेव्हा ४ टक्के पाहून खचू नये, आणि अधिक परक्या प्रेक्षकांपर्यंत चित्रफीत जाऊ लागली की हे प्रमाण उतरतेच, याचाही बाऊ करू नये. थंबनेलने दिलेले आश्वासन पहिल्या मिनिटात पाळले गेले नाही, तर मात्र उघडणाऱ्यांचे प्रमाण कितीही चांगले असून उपयोग नाही.

प्रकाशयोजना, दोन कॅमेरे, चित्राचे संपादन यांमुळे प्रत्येक भागाचे काम सहज दुप्पट होते. स्थिर चित्रावर ध्वनी चढवून टाकलेला भाग यूट्यूबवर फारसा चालत नाही, परंतु आता पॉडकास्टचे फीड (ॲप जिच्यावरून भाग वाचतात ती यादी) थेट यूट्यूबला जोडता येते आणि ते काम आपोआप होते; तेवढे अवश्य करावे, कारण त्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. चित्रीकरण मात्र अर्ध्या मनाने करू नये. दोघांत मिळून आठवड्याला सहा तासच हाती असतील, तर ते सहा तास मुलाखतीची पूर्वतयारी आणि संपादन यांना द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : प्रसिद्ध पाहुणा आणल्याशिवाय श्रोते वाढत नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर : प्रसिद्ध पाहुण्यामुळे एका भागाचा आकडा वाढतो. तो खाली उतरून पूर्वीच्या पातळीवर आला की त्याहून थोडा वर थांबला, हे पुढच्या दोन भागांवरून ओळखावे. आणि बहुतेकांचा अनुभव असा आहे की, तो पूर्वीच्या पातळीवरच येतो. यात आश्चर्य नाही. त्या व्यक्तीचे चाहते तिच्यासाठी येतात, तिचे बोलणे त्यांनी इतरत्रही ऐकलेले असते, आणि त्या व्यक्तीला तुमच्या भागाचा दुवा आपल्या चाहत्यांना पाठवण्याची फारशी निकड नसते. त्याउलट ज्याला आपले काम सांगायला व्यासपीठ मिळालेले नाही, असा जाणकार पाहुणा जीव तोडून बोलतो आणि भाग प्रसिद्ध झाल्यावर ओळखीच्या प्रत्येकाला पाठवतो. त्याचे हे काम सोपे करावे : प्रसिद्धीच्या दिवशीच त्याला दुवा, दोन ओळींचा तयार मजकूर आणि एक छोटा तुकडा पाठवून द्यावा.

माझ्या मते पाहुणे बोलावण्यापेक्षा पाहुणे होऊन जाण्यात स्वतंत्र निर्मात्याचे हित अधिक असते, आणि हा मार्ग दुर्लक्षित राहतो, कारण त्यात पत्रे लिहावी लागतात व नकार पचवावे लागतात. दुसऱ्याच्या पॉडकास्टवर तुमचे बोलणे ऐकणारा माणूस आधीच पॉडकास्ट ऐकणारा असतो. त्याचे ॲप उघडेच असते, कानांत इअरफोन असतात, आणि तुमचे फॉलोचे बटण त्याच्यापासून दोन-तीन स्पर्शांवर असते. समाजमाध्यमांवरून येणाऱ्याच्या तुलनेत हा श्रोता टिकण्याची शक्यता कितीतरी अधिक. कार्यक्रम निवडताना तो आपल्याच विषयाचा नसावा, शेजारच्या विषयाचा असावा, आणि आकाराने साधारण आपल्याएवढा असावा. यंत्रांच्या इतिहासावर बोलणाऱ्याने रचनाकलेवरील किंवा अर्थव्यवहाराच्या इतिहासावरील पॉडकास्टकडे जावे. पत्र लहान लिहावे. त्यांचा कोणता भाग ऐकला आणि त्यात काय आवडले हे एका वाक्यात सांगावे, आपण कशावर बोलू शकतो असे तीन विषय सुचवावेत आणि थांबावे. ‘मी आपला नियमित श्रोता आहे’ एवढ्यावर भागवलेले पत्र प्रत्येक निर्माता ओळखतो.

प्रत्यक्ष बोलताना आपल्या पॉडकास्टची जाहिरात करत बसू नये. शेवटी विचारले जाते तेव्हा फक्त कार्यक्रमाचे नाव सांगण्याऐवजी एखादा विशिष्ट भाग सांगावा, कारण साठ भागांची यादी समोर आलेल्या नव्या माणसाला कुठून सुरुवात करावी हे कळत नाही आणि तो मागे फिरतो. याच कारणासाठी दोन मिनिटांचा नेमका ट्रेलर फीडमध्ये असावा. तो ट्रेलर असल्याची नोंद होस्टिंग सेवेत केली, तर ॲपल तो भागांच्या यादीत वर दाखवते. दोन निर्मात्यांनी एकमेकांची अर्ध्या मिनिटाची शिफारस स्वतःच्या आवाजात वाचणे, किंवा एकमेकांचा एखादा पूर्ण भाग थोड्या प्रस्तावनेसह आपल्या फीडमध्ये देणे, हेही याच जातीचे उपाय आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

प्रश्न : महिन्याभरात दहा हजार डाउनलोड आणि यादीत वरचे स्थान मिळवून देतो, असा प्रस्ताव एका प्रसिद्धीसंस्थेने दिला आहे. स्वीकारावा का?

उत्तर : स्वीकारू नये. अशी डाउनलोड बहुधा यंत्रांनी केलेली असतात. होस्टिंग सेवेने ती ओळखून वगळली तर पैसे वाया गेले, आणि ओळखली नाहीत तर डाउनलोडचा आकडा इतका फुगतो की, खरे श्रोते वाढले की घटले हे तुमचे तुम्हालाच त्यावरून कळेनासे होते. यूट्यूबच्या बाबतीत तर खोट्या प्रतिसादाविरुद्ध स्वतंत्र नियम आहे आणि त्यात चॅनेल बंद होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. यादीतील स्थानाविषयी सांगायचे तर, ॲपलच्या म्हणण्यानुसार तिथला क्रम ऐकण्याचे प्रमाण, फॉलो आणि भाग पूर्ण ऐकला जाण्याचे प्रमाण यांच्या मिश्रणावर ठरतो. तारे आणि अभिप्राय त्यात धरले जात नाहीत. म्हणून प्रत्येक भागात पाच तारे देण्याची विनवणी करण्यापेक्षा, विनंती करायचीच असेल तर फॉलो करण्याची करावी, एकदाच करावी, आणि ऐकणाऱ्याला काही मिळून झाल्यानंतर करावी.

प्रश्न : नोकरी आणि घर सांभाळून दर आठवड्याला भाग काढणे मला जमत नाही. खंड पडला की श्रोते जातात, ही भीती असते. काय करावे?

उत्तर : आठवड्याला एक भाग हवाच, असा नियम कोणी केलेला नाही. श्रोत्याला खटकते ते अनियमित असणे. महिन्यातून एक भाग, पण ठरल्या दिवशी, असे असेल तर तो त्याची सवय करून घेतो. तुमच्यासारख्यांना हंगामी पद्धत सोयीची पडते. आठ भागांचा एक हंगाम ठरवावा, निदान चार भाग पूर्ण तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नये, आणि हंगाम संपताना पुढचा कधी सुरू होईल ते एका मिनिटाच्या निवेदनात सांगून टाकावे. विश्रांतीच्या काळात फीड अगदी ओसाड ठेवण्याचेही कारण नाही. एखादा जुना, शिळा न होणारा भाग नव्या प्रस्तावनेसह पुन्हा देता येतो. तुमच्या आजच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पहिल्या वर्षातले भाग ऐकलेलेच नसतात.

भागाच्या लांबीविषयीही अनेकांनी विचारले आहे. योग्य लांबी अशी काही नसते. तासाभराच्या ध्वनिमुद्रणात पस्तीस मिनिटांचा ऐवज असेल, तर भाग पस्तीस मिनिटांचा करावा.

प्रश्न : महागडा मायक्रोफोन घेतला, तरी आवाज ‘घरगुती’ वाटतो असे ऐकणारे सांगतात. आवाजाचा आणि श्रोत्यांच्या संख्येचा खरोखर संबंध असतो का?

उत्तर : असतो, पण एका मर्यादेपर्यंत. उत्कृष्ट आवाजामुळे कोणी श्रोता होत नाही, वाईट आवाजामुळे मात्र पहिल्या मिनिटात सोडून जातो. ‘घरगुती’ वाटण्याचे कारण बहुधा मायक्रोफोनमध्ये नसून खोलीत असते. उघड्या भिंती आणि फरशी यांवरून परतणारा आवाज जितका संवेदनशील मायक्रोफोन तितका अधिक टिपला जातो, त्यामुळे रिकाम्या खोलीत महागडा, अधिक संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोन साध्या, कमी संवेदनशील डायनॅमिक मायक्रोफोनपेक्षा वाईट ऐकू येऊ शकतो. पडदे, गादी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांच्या सान्निध्यात बसावे, तोंड मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर आणि थोडे तिरके ठेवावे. पाहुणा दूर असेल तर दोघांनी आपापल्या जागी स्वतंत्र ध्वनिमुद्रण करावे आणि नंतर ते जोडावे.

सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे दोन आवाजांच्या पातळीतील फरक, कारण त्यात श्रोत्याला सारखे बटण दाबत राहावे लागते. दोन्ही आवाज संपादनात समपातळीवर आणून मग पूर्ण भाग उणे १६ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या सरासरी पातळीचे एकक) आसपास बसवावा. ॲपलची शिफारस हीच आहे; त्यात एक डेसिबल कमी-जास्त चालते. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. स्पॉटिफाय उणे १४ सांगते, पण दोन वेगळ्या फायली करण्याची गरज नाही. तयार भाग स्टुडिओच्या हेडफोनवर तपासून समाधान मानू नये. तो फोनच्या स्पीकरवर, गोंगाटात, एकदा ऐकावा.

प्रश्न : मी ज्या फुकट सेवेवर पॉडकास्ट ठेवला आहे, ती बंद पडली तर माझ्या श्रोत्यांचे काय होईल?

उत्तर : हा प्रश्न फार थोडे लोक वेळेवर विचारतात. पॉडकास्टची सारी यंत्रणा आरएसएस फीडवर उभी आहे. डेव्ह वायनर या अमेरिकी सॉफ्टवेअर विकसकाने २०००च्या अखेरीस या फीडमध्ये ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली आणि ॲपलने जून २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले, तेही याच फीडच्या आधारावर. ॲपल, स्पॉटिफाय आणि इतर ॲप तुमचे भाग तुमच्या फीडच्या पत्त्यावरून वाचून दाखवतात. म्हणून तो पत्ता ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात श्रोते. गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा ज्यांचे फीड स्वतःचे होते त्यांचा एक दरवाजा तेवढा बंद झाला. भाग, यादी आणि इतर ॲपमधील श्रोते जागच्या जागी राहिले.

तेव्हा तुमच्या सेवेच्या बाबतीत काही गोष्टी आजच पाहून ठेवाव्यात. सेवा सोडताना जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे वळण, ज्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात, ते ती देते का आणि किती काळ ठेवते? फीडमध्ये मालक म्हणून कोणाचा ईमेल आहे? मालकी सिद्ध करण्यासाठी पडताळणीचा संदेश बहुधा त्याच पत्त्यावर येतो, त्यामुळे तो तुमचा आणि चालू असलेला हवा. स्थलांतर करताना प्रत्येक भागाचा ओळखक्रमांक, म्हणजे जीयूआयडी, बदलू देऊ नये. तो बदलला तर ॲपना सगळे जुने भाग नवे वाटतात आणि तुमच्या श्रोत्याच्या फोनवर एका सकाळी साठ ‘नवे’ भाग येऊन पडतात. मूळ ध्वनिफायली स्वतःजवळ आणि आणखी एका ठिकाणी असाव्यात, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवरील अनुयायांना असे हलवता येत नाही. म्हणून पहिल्यापासूनच ईमेलची स्वतःची यादी करावी, तीही विचारून, आणि नाव काढून घेण्याची सोय प्रत्येक पत्रात ठेवून. पत्रात नव्या भागाचा दुवा तर असावाच, पण भागात न मावलेली एखादी गोष्टही असावी, म्हणजे ते उघडण्याला कारण राहते. यादीतील दोनशे नावे ही अनोळखी दहा हजार व्ह्यूजपेक्षा अधिक मोलाची समजावीत; त्यातला माणूस पत्राला उत्तर देतो, आणि पुढचा भाग कशावर करावा हे बहुधा त्या उत्तरांतूनच सुचते.

प्रश्न : माझ्या पॉडकास्टला आता सुमारे दीड हजार नियमित श्रोते आहेत. हजार निष्ठावंत चाहते मिळाले की त्यावर चरितार्थ चालतो, असे वाचले होते. नोकरी सोडण्याचा विचार करावा का?

उत्तर : तो विचार केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये मांडला आणि तेव्हापासून तो अर्धाच सांगितला जातो. त्यांच्या हिशेबातील चाहता म्हणजे तुम्ही जे जे निर्माण कराल ते विकत घेणारा माणूस. त्याच्याकडून वर्षाला १०० डॉलर नफा मिळावा आणि मधे कोणी दलाल नसावा, अशा दोन्ही अटी त्यात होत्या. नियमित श्रोता आणि असा चाहता यांत फार अंतर असते. तुमच्या दीड हजारांपैकी प्रत्येक १०० मागे दोघे पैसे द्यायला तयार झाले, तर ३० सभासद होतात. तो आकडा गृहीत आहे, पण नोकरीविषयी निर्णय घेण्यासाठी अशाच सावध गृहीतकावरून हिशेब मांडावा.

जाहिरातीचा दर सामान्यतः दर हजार डाउनलोडमागे ठरतो, त्यामुळे दीड हजारांवर मिळणारी रक्कम किरकोळ असते. विषय अगदी विशिष्ट असेल तर मात्र त्या क्षेत्रातील एखाद्या व्यावसायिकाशी थेट ठरवलेले प्रायोजकत्व यापेक्षा बरे पडते, कारण त्याला हवे असलेले दीड हजार लोक दुसरीकडे एकत्र सापडत नाहीत. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य (सबस्क्रायबर), आणि त्यांच्या जोडीला मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे किंवा ९० दिवसांत शॉर्टचे १ कोटी वैध व्ह्यू, अशी अट आहे. ती पूर्ण झाली म्हणजे उत्पन्न सुरू होण्याची परवानगी मिळते, इतकेच.

सभासदत्व जरूर सुरू करावे, पण उत्तम भाग त्याच्या कुंपणाआड ठेवू नयेत. नवा श्रोता खुल्या भागांतूनच येतो आणि तेच दुबळे झाले तर पुढचे सभासदही आटतात. सभासदांना खुला भाग दोन दिवस आधी, जाहिरातींविना द्यावा, आणि तीन महिन्यांतून एकदा प्रश्नोत्तरांची बैठक घ्यावी; दर आठवड्याला जादा भाग देण्याचे वचन उत्साहाच्या भरात दिले जाते आणि मुख्य कार्यक्रमाचा वेळ तेच खाते. सुरुवात करण्यापूर्वी एका भागात आणि ईमेलमधून श्रोत्यांना सरळ विचारावे की, अमुक इतक्या रकमेला सभासद व्हायला कोण तयार आहे, आणि तयार असणाऱ्यांकडून एका ओळीचे उत्तर मागवावे. आलेल्या उत्तरांपैकी सगळेच प्रत्यक्षात पैसे भरत नाहीत, म्हणून त्या संख्येच्या निम्म्यावर वर्षाचा हिशेब करावा आणि तो घरखर्चाशेजारी ठेवून पाहावा.